न पोचलेली पत्रे : शेंडेफळाची ओढ आणि दोन आत्मकथने

१

घरातल्या सर्वांत धाकट्या अपत्याला मराठीत 'शेंडेफळ' म्हणतात. या शब्दातच लाडाचे गृहीतक आहे. शेवटी धरलेले फळ अधिक जपावे, थोरल्यांना जे मिळाले नाही ते धाकट्याला मिळावे, अशी लोकसमजूत त्यात दडलेली असते. आल्फ्रेड अ‍ॅडलर यांच्या मानसशास्त्रानेही धाकट्याचा विचार जवळपास याच चौकटीत केला. शेवटच्या अपत्याच्या मागून कोणी येत नसल्यामुळे त्याला त्याच्या जागेवरून कोणी हटवू शकत नाही. म्हणून ते एक तर अतिलाडाने दुबळे होते, नाही तर सर्वांना मागे टाकण्याच्या ईर्षेने पुढे धावते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. लोकसमजूत आणि मानसशास्त्र या दोहोंनीही धाकट्याचे भवितव्य घराच्या चार भिंतींतच ठरवून टाकले आहे.

साहित्यात मात्र धाकटे मूल अनेकदा दाराबाहेर उभे असलेले दिसते. बायबलमधील शमुवेल इशायाच्या घरी येतो तेव्हा सात मुलगे त्याच्यासमोर आणले जातात. आठवा, सर्वांत धाकटा दावीद, रानात मेंढरे राखत असतो; शमुवेलाने विचारीपर्यंत त्याचे नाव कोणी काढत नाही. आपल्याकडे चार भावंडांत धाकटी मुक्ताबाई. परंपरेने तिच्या नावावर असलेल्या ताटीच्या अभंगांत ती बंद दाराशी उभी आहे आणि आत कोंडून घेतलेल्या थोरल्या भावाची समजूत घालते आहे. आईवडिलांविना वाढलेल्या या मुलीला स्वतःला मायेची गरज होती काय, हा प्रश्न परंपरेने विचारला नाही. समजूत घालणारी म्हणून तिला मोठे केले आणि आदिमायेच्या पदावर बसवून तिचे मूलपण संपवले.

आधुनिक मराठी वाचकाच्या मनातील बालपणाची प्रतिमा प्रामुख्याने 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकाने घडवली. त्या प्रतिमेच्या केंद्रस्थानी आई आहे. घर दरिद्री असेल, पण आई हाताशी आहे. ती रागावते, शिकवते, कुशीत घेते. या प्रतिमेचे सामर्थ्य निर्विवाद आहे. तिचा एक परिणाम मात्र समीक्षेने पुरेसा लक्षात घेतलेला नाही. ज्या बालपणात आई नाही, वडील कामावर दूर आहेत आणि घरातले प्रत्येक माणूस कशात तरी गुंतलेले आहे, त्या बालपणाचे वर्णन समोर आले की आपण ते 'बालपण' म्हणून वाचतच नाही. त्याचे वाचन सामाजिक दस्तऐवज म्हणून होते आणि त्यातल्या मुलाची ओढ अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणातील पहिल्या प्रसंगाच्या बाबतीत हेच घडले आहे. त्या प्रसंगाचे मर्म कळण्यासाठी त्यातले वडिलांची वाट पाहणारे मूल आधी दिसले पाहिजे, हे येथे दाखवावयाचे आहे. त्यासाठी रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'जीवनस्मृति' (१९१२) या ग्रंथातील एका प्रवासाचे वर्णन त्याच्या शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

२

ही दोन आत्मकथने शेजारी ठेवण्यात प्रभावाचा शोध नाही. आंबेडकरांनी 'जीवनस्मृति' वाचले होते की नाही, हा येथे प्रश्न नाही. दोघांच्या घरांत योगायोगाने साताऱ्याचा दुवा आहे. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ १८९७ मध्ये साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले, आणि त्याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी रामजी सुभेदारांच्या धाकट्या मुलाचे नाव सरकारी शाळेत दाखल झाले. पण तुलनेचा आधार या योगायोगात नाही. तो दोन्ही वर्णनांच्या रचनेत आहे.

दोघेही शेंडेफळ. आंबेडकर रामजी व भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. रवींद्रनाथ देवेंद्रनाथांच्या जगलेल्या अपत्यांपैकी सर्वांत धाकटे. दोघांचेही वडील घरापासून दूर. दोन्ही वर्णनांत वडिलांना लिहिलेले पत्र आहे, नवे कपडे आणि नवी टोपी आहे, आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास आहे, पैशांची जबाबदारी आहे आणि एक स्टेशनमास्तर आहे. घटक इतके सारखे असताना दोन वर्णने दोन विरुद्ध टोकांना पोचतात. हा फरक केवळ श्रीमंती आणि गरिबी यांचा म्हणून सोडून देता येत नाही.

३

जोडासांकोच्या वाड्यात मुलांवर नोकरांचे राज्य होते. रवींद्रनाथांनी त्या काळाला 'भृत्यराजक' असेच म्हटले आहे. श्याम नावाचा नोकर खडूने जमिनीवर वर्तुळ काढी, त्यात मुलाला बसवी आणि सीतेची गोष्ट सांगून रेषा ओलांडण्याचे भय घाली. मुलगा तासन्‌तास खिडकीतून खालचा तलाव आणि काठावरचा वड पाहत राही. येथे कुटुंब मोठे आहे आणि ते संगीत, नाटके, धर्मकार्य, जमीनदारी यांत गुंतलेले आहे. मुलाला कोणी छळत नाही; फक्त त्याच्याकडे पाहायला कोणाला सवड नाही.

वडील देवेंद्रनाथ बहुतेक काळ हिमालयात किंवा प्रवासात असत. रशियन स्वारीची आवई उठली तेव्हा चिंतातुर आईने धाकट्या मुलाला वडिलांना पत्र लिहायला सांगितले. कचेरीतल्या महानंद मुनशीच्या मदतीने पत्र गेले आणि उत्तरही आले. मग मुलाला रोज पत्र लिहिण्याचा छंद लागला. मुनशी मसुदा करून देई, मुलगा तो उतरवून काढी; पण पत्राला टपालखर्च लागतो हे त्याला ठाऊक नव्हते. ती पुढची पत्रे हिमालयापर्यंत कधीच पोचली नाहीत. रवींद्रनाथ हे हसत सांगतात. मात्र या विनोदात एक पोकळी आहे. रोज पत्र लिहिणाऱ्या मुलाला उत्तर येत नाही, आणि तरीही ते लिहीत राहते.

ही पोकळी १८७३ मध्ये भरून निघते. मुंजीनंतर वडील अकरा वर्षांच्या मुलाला हिमालयात घेऊन जातात. आयुष्यात प्रथमच त्याच्यासाठी पूर्ण पोशाख शिवला जातो. त्याचा रंग आणि नमुना वडिलांनी स्वतः निवडलेला असतो. सोबत जरीच्या भरतकामाची मखमली टोपी. आगगाडीत चढणे जिवावरचे काम आहे, असे भाच्याने सांगून ठेवलेले, म्हणून धाकधूक. वाटेत वडील त्याच्याकडे पैशांची पेटी सोपवतात, सोन्याच्या घड्याळाला किल्ली देण्याचे काम देतात. वडिलांच्या वस्तू हाताळायला मिळणे हीच येथे प्रेमाची भाषा आहे. घड्याळाला इतक्या उत्साहाने किल्ली दिली जाते की ते दुरुस्तीला पाठवावे लागते.

याच प्रवासात एका स्थानकावर तिकीट तपासणारा मुलाच्या वयाबद्दल शंका घेतो आणि पाठोपाठ स्टेशनमास्तर येतो. मुलगा बारा वर्षांहून मोठा आहे, त्याला अर्धे तिकीट चालणार नाही, असे त्याचे म्हणणे. देवेंद्रनाथ नोट काढून देतात आणि परत आलेली मोड फलाटावर भिरकावतात. स्टेशनमास्तर ओशाळून उभा राहतो. मुलाच्या मनावर या प्रसंगाचा जो ठसा उमटला, त्याचे कारण पैशांची बेफिकिरी हे नव्हे. जगाने घेतलेला संशय आणि मूल यांच्यामध्ये वडील उभे राहिले, हे त्याचे कारण आहे. न पोचलेल्या सगळ्या पत्रांचे उत्तर त्या फलाटावर मिळते. कुटुंबाने दूर ठेवलेल्या मुलाची ओढ कुटुंबानेच शमवली, अशी ही रचना आहे. ओढीचा आरंभ आणि शेवट दोन्ही घरातच होतात.

४

आंबेडकरांचे टिपण १९३५-३६ च्या सुमारास लिहिले गेले असे मानले जाते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले आणि १९९३ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' या मालेच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. परदेशी माणसाला अस्पृश्यतेची जाच म्हणून ओळख पटावी, या हेतूने ते लिहिलेले आहे. त्यामुळे भाषा संयत आहे. पहिला प्रसंग १९०१ च्या सुमाराचा.

आई वारलेली आहे. वडील साताऱ्याहून दूर कोरेगावला रोखपाल आहेत. दुष्काळात होरपळणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढलेले आहे. घरी भीमराव, थोरला भाऊ आणि मरण पावलेल्या बहिणीची दोन मुले. त्यांच्यावर लक्ष ठेवायला आत्या. ती अत्यंत मायाळू. पण पायांच्या दुखण्यामुळे तिला स्वतःलाच उचलून न्यावे लागते. बहिणी लग्न होऊन सासरी गेलेल्या. मुले शाळेत जातात आणि स्वयंपाकही करतात. भाकरी जमत नाही, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करतात.

या घरात माया नाही असे म्हणताच येत नाही. मायेचे रूपांतर काळजीत करायला लागणारे हातपाय आणि वेळ मात्र या घराकडे उरलेले नाहीत. लेखकाने पुढे दिलेला एक तपशील या संदर्भात निर्णायक आहे. न्हावी अस्पृश्यांचे केस कापीत नाही, म्हणून थोरल्या बहिणीने भावंडांचे केस कापायचे. कपडेही बहिणींनीच धुवायचे. घरातल्या मुलीने धाकट्या भावाचे केस कापणे हे कोणत्याही आत्मचरित्रात वात्सल्याचे चित्र ठरले असते. येथे ते वात्सल्यही आहे आणि बहिष्काराने लादलेले कामही आहे; दोहोंना वेगळे करता येत नाही. जोडासांकोचे कुटुंब स्वतःच्या वैभवात गुंतलेले होते. साताऱ्याचे हे कुटुंब गुंतलेले आहे, कारण समाज जी कामे इतरांची सहज करून देतो ती सारी त्याला स्वतःच करावी लागतात. 'कामात बुडालेले कुटुंब' ही कल्पना तटस्थ नाही. कशात बुडालेले आणि कोणामुळे, हे विचारल्याशिवाय तिला अर्थ येत नाही.

रोखपालाला तिजोरी सोडून येता येत नाही, म्हणून वडील मुलांना सुटीत आपल्याकडे बोलावतात. देवेंद्रनाथांनी पैशांची पेटी मुलाच्या हाती दिली. रामजींना सरकारी रोकड मुलांपासून दूर ठेवते. तरीही वडिलांची आस्था कोठे उणी पडत नाही. प्रवासाच्या सर्व सूचना त्यांनी लिहून पाठवलेल्या आहेत. निघण्याचा दिवस कळवा, शिपाई पाठवतो, असे सांगितले आहे. मुलांनी तसे पत्र लिहिले. विलायती कापडाचे नवे सदरे, खडे जडवलेल्या चमकदार टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे तयार झाली. निघताना आत्या रडते. दहा मैलांवरच्या स्थानकापर्यंत टांगा. थोरला भाऊ धाकट्यांना दोन-दोन आणे देतो आणि दोघे लगेच लेमोनेडची एकेक बाटली मागवतात. चैनीचा हा आरंभ लेखक मिस्कीलपणे नोंदवतो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी मसूरला पोचते. उतारू निघून जातात. मुले फलाटावर उभी राहतात. वडील येत नाहीत आणि त्यांचा शिपाईही येत नाही. तासाभराने स्टेशनमास्तर चौकशीला येतो. कपड्यांवरून ही ब्राह्मणांची मुले असावीत असे त्याला वाटते आणि त्यांच्या स्थितीने तो कळवळतो. तुम्ही कोण, असे तो विचारतो. क्षणाचाही विचार न करता मुलगा सांगून टाकतो की आम्ही महार आहोत. स्टेशनमास्तरचा चेहरा पालटतो आणि तो आपल्या खोलीत निघून जातो.

५

या ठिकाणी निवेदनाकडे बारकाईने पाहायला हवे. प्रवासाचे बहुतेक वर्णन 'आम्ही'ने चालते. आम्ही हरखलो, आम्ही उतरलो, आम्ही वाट पाहिली. स्टेशनमास्तरच्या प्रश्नाला उत्तर देताना मात्र कर्ता 'मी' होतो. थोरला भाऊ सोबत आहे, तिकिटे त्याने काढली आहेत, पैसे त्याच्याकडे आहेत. तरी उत्तर देतो तो धाकटा. ही नुसती पोरकट उतावीळ नव्हे. आपण कोण आहोत हे सांगितले की समोरचा जवळ घेतो, हा घरातल्या धाकट्याचा अनुभव असतो. घरात ओळख म्हणजेच माया. तास भर वडिलांची वाट पाहिलेल्या मुलासमोर एक प्रौढ माणूस आपुलकीने उभा आहे. त्या आपुलकीवर विसंबून मुलगा स्वतःची ओळख देतो, आणि ती ओळखच आपुलकी काढून घेते.

आपण अस्पृश्य आहोत हे त्या मुलाला आधीही ठाऊक होते. लेखक ते स्पष्टपणे नोंदवतो. शाळेत वेगळे गोणपाट होते, शिपाई नसेल तर पाणी नव्हते. मग या प्रसंगाला आयुष्यात इतके महत्त्वाचे स्थान का, याचे उत्तर केवळ वागणुकीच्या कठोरतेत सापडत नाही. शाळेतला अपमान नित्याच्या व्यवहाराचा भाग होता. मसूरला मूल वडिलांच्या मायेकडे निघालेले होते, त्यासाठी नटलेले होते, आणि वडिलांची जागा रिकामी असताना त्या जागेवर समाज येऊन उभा राहिला. रवींद्रनाथांच्या फलाटावर स्टेशनमास्तर आणि मूल यांच्यामध्ये वडील आहेत. मसूरच्या फलाटावर मध्ये कोणी नाही. फलाटावरचा आनंद विषादात बदलला हे सांगताना लेखक तीन गोष्टी एकापाठोपाठ ठेवतो : वडील आले नाहीत, शिपाई आला नाही, आणि आता स्टेशनमास्तरही सोडून गेला. मुलाच्या मनात या तिन्हींची एकच साखळी आहे. समीक्षा तिच्यातली शेवटची कडी तेवढी उचलते.

पुढचा भाग परिचित आहे. दुप्पट भाडे देऊन मिळालेली बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचे. जवळ शिदोरी असून पाणी नाही म्हणून उपाशी राहायचे. रात्री जकात नाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळायचे नाही. संध्याकाळी खरी ओळख देणारे मूल त्याच रात्री खोटी ओळख देते. बालपण संपल्याची याहून नेमकी खूण कोणती असणार? दुसऱ्या दिवशी मुले कोरेगावला पोचतात आणि वडील चकित होतात. पत्र आले होते. नोकराने ते वडिलांना दिलेच नव्हते.

हा खुलासा एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकलेला आहे आणि त्यातच या कथनाची रचना उघड होते. वडील आपल्याला विसरले काय, या मुलाच्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर पूर्णपणे मिळते. वडील निर्दोष आहेत. घरातली उणीव एका चुकीपुरती होती आणि ती भरून निघाली. स्टेशनमास्तर का निघून गेला, पाणी का मिळाले नाही, हे प्रश्न मात्र कोणत्याही खुलाशाने सुटत नाहीत. येथे ओढ घरातून सुरू होते, घराची निर्दोष मुक्तता करते आणि समाजाच्या दाराशी जाऊन अडते.

६

या वाचनावर एक आक्षेप संभवतो. लेखकाने हे टिपण अस्पृश्यतेची साक्ष म्हणून लिहिले. त्यात पितृप्रेमाची ओढ शोधणे म्हणजे राजकीय आशयाचे कौटुंबिक भावनेत विरघळवणे होय, असे म्हणता येईल. आक्षेप गंभीर आहे. पण साक्षीसाठी एवढे पुरले असते की मुलांना गाडी मिळाली नाही आणि पाणी मिळाले नाही. टोप्यांवरचे खडे, लेमोनेडच्या बाटल्या, आत्याचे रडणे, पुलाव या तपशिलांची साक्षीला गरज नव्हती. लेखकाने ते दिले, कारण अन्याय कोणावर झाला हे सांगितल्याशिवाय अन्याय पुरता सांगितला जात नाही, हे त्याला ठाऊक होते. ज्या मुलाला काही हवे आहे, त्याच्याच बाबतीत नकाराला अर्थ असतो. मुलाची ओढ वगळली की उरतो तो नियमभंगाचा अहवाल. राजकीय आशय भावनेत विरत नाही. तो तिच्यामुळेच उभा राहतो.

दलित आत्मकथनांच्या समीक्षेलाही हा मुद्दा लागू आहे. 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) यांच्यापासून मराठीत जी चर्चा झाली, तिचा भर अनुभवाच्या नवेपणावर, बोलीवर आणि समाजदर्शनावर राहिला. ते आवश्यकच होते. पण त्या पुस्तकांतली मुले कोणाची वाट पाहतात, कोणाच्या हातून जेवू इच्छितात, कोणत्या दाराशी थांबतात, हे प्रश्न 'श्यामची आई'सारख्या पुस्तकांसाठी राखून ठेवले गेले. एका बालपणाला भावजीवन आणि दुसऱ्याला समाजवास्तव, अशी ही वाटणी आहे. वाङ्मयीन निकषांच्या आवरणाखाली समीक्षेने येथे जुनीच पंगत मांडली, असे म्हणणे भाग आहे.

रामजी आणि त्यांचे शेंडेफळ यांच्या नात्याची पुढची हकीकत धनंजय कीर यांच्या चरित्रात येते. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत मुलाला अभ्यासासाठी पहाटे दोनला उठवणारे, पुस्तकांसाठी विवाहित मुलींचे दागिने मागून गहाण ठेवणारे वडील तेथे दिसतात. १९१३ च्या प्रारंभी बडोद्याला नोकरीवर असताना वडिलांच्या आजाराची तार आली आणि मुलगा मुंबईकडे निघाला. वाटेत सुरत स्थानकावर वडिलांसाठी मिठाई घ्यायला तो उतरला आणि गाडी निघून गेली; घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचा अंत झाला. दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा अर्थशास्त्रावरचा प्रबंध आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण झाला. वडील रोखपाल होते. मुलाने चलनावर ग्रंथ लिहिला. यातून कार्यकारण काढण्याचा मोह टाळलेला बरा. आपल्याला शिकवण्यासाठी त्यांनी जे सोसले त्याबद्दलची कृतज्ञता त्या अर्पणपत्रिकेत आहे, एवढे निश्चित.

घराने आपल्यावर प्रेम केले की नाही, ही शंका या मुलाला पुढे छळताना दिसत नाही. ती शंका मसूरहून निघालेल्या बैलगाडीच्या प्रवासाअखेर, दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, मिटलेली होती. उरला तो दुसरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर कोणत्याही वडिलांच्या हाती नव्हते. अ‍ॅडलर यांच्या सूत्रातील धाकटा भावंडांना मागे टाकण्यासाठी धावतो. मसूरच्या फलाटावरून निघालेल्या या धाकट्याची धाव भावंडांशी स्पर्धा करणारी नव्हती. 'आम्ही' म्हणता म्हणता जो 'मी' त्या संध्याकाळी एकटा पुढे आला, त्याला पुढे आयुष्यभर त्या 'आम्ही'च्या वतीनेच उत्तर द्यावे लागले. मराठी समीक्षेने या आत्मकथनाला साक्षीपुराव्याच्या कपाटातून काढून मराठी माणसाच्या बालपणाच्या वाङ्मयात त्याची जागा द्यायला हवी. तसे झाले तर 'शेंडेफळ' या शब्दाचाही अर्थ थोडा बदलेल, आणि तो बदलणे आवश्यक आहे.